न धुतलेला खल

पाचव्या चंबूतही पांढऱ्या सुयाच निघाल्या.

एल्वानने चंबू खिडकीच्या उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. तळाशी काळपट गाळ आणि त्यावर चिमूटभर पांढऱ्या, नाजूक, चकचकीत सुया. दिसायला देखण्या आणि कामाला शून्य. तिला हवे होते विटकरी रंगाचे स्फटिक. पाच वेळा तीच कृती, पाच वेळा तोच जीव मुठीत धरून केलेला खटाटोप, आणि पाचही वेळा हेच.

"झाल्या का तुझ्या शेवया?" मागून इद्रिसने विचारलं. इद्रिस पीएचडीत तिच्याहून तीन वर्षांनी पुढे होता. रिझेहून, तुर्कस्तानातल्या काळ्या समुद्राकाठच्या त्या कायम भिजलेल्या गावातून तो मलात्याला आला होता आणि इथल्या कोरड्या उन्हाला रोज शिव्या घालत दिवस काढत होता. एल्वान त्याला अबी, म्हणजे दादा, म्हणे.

"अबी, आज नको. खरंच नको."

"बरं, नको. पण मागच्या खेपेपेक्षा कमी दिसतात. पहिल्या चंबूत चमचाभर होत्या. आता बघ, चिमूटभर."

"म्हणजे आता बिघडवायलासुद्धा नीट जमत नाही मला," एल्वान म्हणाली आणि चंबू लाकडी कड्यावर ठेवून खुर्चीत बसली.

तिचा सगळा जीव ज्यात अडकला होता ती गोष्ट तशी दोन ओळींत सांगता येते. कार्बनला चार हात असतात आणि एरवी चारही गुंतलेले असतात. कार्बीन म्हणजे ज्याचे दोनच हात गुंतलेत असा कार्बन. तो फार हावरा. हवेतलं, पाण्यातलं, जे समोर येईल ते धरून बसतो आणि संपतो. पण त्याला वेळेवर एखादा धातू दिला, रुथेनियमसारखा, तर दोघांचा संसार असा जमतो की ती जोडी पुढे दुसऱ्या रेणूंचे पक्के बंध तोडते आणि नवे जुळवते. औषधं बनवणाऱ्यांना अशी जोडी हवीच असते. एल्वानने स्वतःच्या डोक्याने एक नवा कार्बीन आखला होता, दोन्ही बाजूंनी भरगच्च, चांगला धिप्पाड. त्याचा क्षार बनवायलाच तिला दीड वर्ष लागलं होतं. क्षारातून कार्बीन मोकळा करायचा आणि लगेच रुथेनियमच्या हाती द्यायचा, एवढंच उरलं होतं.

आणि तेवढंच होत नव्हतं.

पीएचडीची प्रगती तपासायला दर सहा महिन्यांनी तिघांची समिती बसे. मागच्या खेपेला क्षार तयार नव्हता म्हणून तिला नापास केलं होतं. लागोपाठ दोनदा नापास झालं की नाव कापलं जातं, असा नियम. पुढची बैठक एकोणतीस जुलैला होती, म्हणजे बरोबर अकरा दिवसांनी. समितीत तिच्या मार्गदर्शक मुकद्देस होत्या, ज्यांना सगळे होजा, म्हणजे गुरू, म्हणत; एक मवाळ गृहस्थ होते जे सगळ्याला मान डोलवत, आणि तिसरे होते शेजारच्या एलाझी शहरातून येणारे रहमी बे, म्हणजे रहमीसाहेब. रहमी बे यांनी मागच्या वेळी तिचा आराखडा चष्मा कपाळावर सरकवून पाहिला होता आणि तिला अदबीने हानम, म्हणजे बाई, म्हणत सांगितलं होतं, "रेणू कागदावर फार सुंदर आहे, एल्वान हानम. पण तो कागदावरच राहील. इतक्या गर्दीत कार्बीन तयारच होणार नाही." एलाझीच्या माणसाने मलात्यात येऊन असं बोलावं, हे तिला दुप्पट लागलं होतं. ही दोन शहरं एकमेकांचा फुटबॉलचा गोलसुद्धा मोठ्या मनाने मान्य करत नाहीत.

पांढऱ्या सुया म्हणजे काय, याबद्दल एल्वानच्या मनात शंका नव्हती. पाण्याचा अंश किंवा हवा आत जाते आणि कार्बीन खराब होतो. सगळी पुस्तकं हेच सांगतात. म्हणून दुसऱ्या खेपेला तिने द्रावक दोनदा सुकवला. तिसऱ्या खेपेला आर्गॉन वायूचं नळकांडं बदललं. चौथ्या खेपेला रबरी बुचं नवी आणली. पाचव्या खेपेला काचेचं एकूण एक भांडं रात्रभर भट्टीत ठेवलं. आता सुकवायचं राहिलंच काय, म्हणून तिने टेबलभर नजर फिरवली आणि तिला खल दिसला.

पांढऱ्या चिनी मातीचा, आतून खरबरीत, हाताच्या ओंजळीएवढा खल. तो प्रयोगशाळेचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. क्षाराचे कडक खडे होत, ते ती त्यात बारीक करून मग वापरी. दर वेळी पुसून ठेवी, पण भाजला मात्र कधीच नव्हता. खरबरीत मातीत ओल धरून राहत असेल, असं मनात आलं आणि तिला आशा वाटली. तिने खल आणि बत्ता भट्टीत ठेवले, एकशे तीस अंश लावले आणि जेवायला गेली.

जेवून परत आली तर इद्रिस नाकाला रुमाल लावून दारात उभा.

"इथे कोण जर्दाळूला धुरी देतंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तुमच्या गावात आलो होतो ना, त्या बंद खोलीचं दार उघडलं आणि माझे डोळे गेले होते, तोच हा वास. भट्टीतून येतोय."

एल्वानने जोरात श्वास घेतला. "मला तर काही येत नाही."

"तुला कसा येईल? जुलैत अख्ख्या मलात्याला हाच वास येतो. तुमच्या केसांना येतो, बसच्या सीटला येतो, चहाला येतो. तुमची नाकं मेलीत."

ती भट्टीजवळ गेली, दार उघडलं आणि वाफेत तोंड घातलं. मग तिलाही आला. गरम, घशात बोचणारा, ओळखीचा. लहानपणापासूनचा प्रत्येक जुलै त्या वासात होता. झाडं हलवून जर्दाळू पाडायचे, ट्रेमध्ये मांडायचे, धुरीच्या खोलीत रचायचे, मधोमध थाळीत गंधकाची पूड पेटवायची आणि दार मातीने लिंपून टाकायचं. सकाळी जर्दाळू सोन्यासारखे पिवळे निघत. पण हा वास चिनी मातीच्या खलातून यायचं कारण काय? बत्त्याच्या टोकाला वितळून सुकलेला एक पिवळा ओघळ होता, मुंगीच्या डोक्याएवढा.

ईदेच्या सुट्टीत प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता. रंगकाम निघालं की कुणाची वस्तू कुणाच्या खणात जाईल सांगता येत नाही, म्हणून एल्वान आपला खल पिशवीत घालून आकचादागजवळच्या गावी घेऊन गेली होती. पाचही खेपा त्यानंतरच्या होत्या, आणि त्याआधी नऊ दिवस खल घरी होता. ऐन हंगामात.

तिने जिन्यात जाऊन फोन लावला.

"आई, माझा खल वापरलास का तू?"

"कुठला खल?" हाजेरने विचारलं.

"आई."

"तो पांढरा होय? अगं, तो तर मी लगेच तुझ्या पिशवीत ठेवून दिला."

"लगेच म्हणजे कशानंतर?"

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. मग हाजेर भराभर बोलायला लागली. "दुकानात पूड संपली होती ग. नुसती ढेकळं मिळाली. आपला पितळी खल तुझ्या मावशीने नेलेला. तुझे बाबा डोक्यावर उभे, जर्दाळू उतरवून ठेवलेत, संध्याकाळच्या आत खोली बंद झाली पाहिजे. आणि तू झोपली होतीस. किती दिवसांनी अशी झोपली होतीस, तुला उठवायचं जिवावर आलं माझ्या. म्हटलं, दगडच तो, त्याला काय होतंय."

"त्यात गंधक कुटलंस तू."

"धुतला मी! साबणाने धुतला, लिंबाने धुतला, राखेने घासला. तुझ्या वस्तूला मी घाण ठेवीन का?"

"गंधक पाण्यात विरघळत नाही, आई! साबणानेही जात नाही! शाळेतल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं हे!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

"मला कुठली ग शाळा," हाजेर हळू आवाजात म्हणाली. "तुझं काही मोडलं का माझ्यामुळे?"

"नंतर बोलते," म्हणून एल्वानने फोन ठेवला. आईवर ओरडल्याचं वाईट वाटत होतं, आणि राग होता तो वेगळाच, स्वतःवरचा. पाच खेपांत तिने नव्वद टक्के क्षार उडवला होता. बाटलीत उरले होते साठ मिलिग्रॅम, नखावर मावतील एवढे. नवा क्षार करायचा तर पुन्हा कित्येक महिने.

मुकद्देस होजांच्या खोलीत ती गेली तेव्हा त्या टाचा बुटांतून बाहेर काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून उत्तरपत्रिका तपासत होत्या. पस्तीस वर्षं शिकवून त्यांचा आवाज कायमचा बसला होता, आणि त्यांना रागावताना आवाज वाढवायची गरज कधी पडलीच नव्हती.

"होजाम, मी घोटाळा केलाय."

"बस. आधी चहा ओत, मला पण."

एल्वानने चहा ओतला आणि सगळं सांगितलं. खल, ईद, गंधकाची ढेकळं, भट्टी, आईवरचं ओरडणं. होजा साखर ढवळत ऐकत राहिल्या. सांगून संपलं तरी ढवळतच होत्या.

"सुया दर वेळी किती निघाल्या?"

"पहिल्यांदा बऱ्याच. मग कमी कमी होत गेल्या."

"आणि तू म्हणत होतीस की पाण्यामुळे. पाणी काय दर वेळी आपणहून कमी होतं? जी वस्तू खर्ची पडते ती कमी होते. सुयांचं वस्तुमान यंत्रावर मोजलंस?"

एल्वानने नकारार्थी मान हलवली.

"मोजलं नाहीस. का?"

"मला खात्री होती, होजाम."

"खात्री!" होजांनी चमचा बशीत टाकला. "पाच खेपा झाल्या आणि हातातला पदार्थ काय आहे ते बघितलं नाहीस, कारण तुला खात्री होती. आईला ओरडलीस म्हणे. तिने निदान खल धुतला तरी."

एल्वानचे कान लाल झाले. ती उठायला लागली.

"बस म्हटलं ना! अजून एक विचारायचंय. गंधक चिकटलं कुणाला?"

"माझ्या पदार्थाला."

"कुठल्या? क्षाराला?"

"नाही, क्षार..." एल्वान म्हणाली आणि थांबली.

"क्षाराला गंधकात वर्षभर लोळवलंस तरी तो ढिम्म हलणार नाही. खलात दोघं एकत्रच कुटले गेले, काही झालं का? नाही. चंबूत गेल्यावर झालं. मग चंबूत असं कोण होतं, ज्याने गंधक बघितल्या बघितल्या झडप घातली?"

एल्वानने चहाचा पेला टेबलावर ठेवला.

"कार्बीन," ती म्हणाली.

"मग जा आणि मोज. बत्तीस जास्त यायला हवेत."

पाऊण तासाने समोरच्या इमारतीतल्या यंत्राने आकडा दिला. हवेने खराब झाला असता तर कार्बीनच्या वजनावर सोळा जास्त दिसले असते, ऑक्सिजनचे; ओलीने झाला असता तर अठरा, पाण्याचे. दिसत होते बत्तीस. गंधकाचे. रहमी बे म्हणाले होते तयारच होणार नाही, आणि तो पाचही वेळा तयार झाला होता. पाचही वेळा जिवंत होता, हात पसरून उभा होता, आणि रुथेनियमच्या आधी त्याला आईचं गंधक सापडलं होतं. एल्वान त्या थंडगार खोलीत यंत्रासमोर उभी राहून रडली. दीड वर्षात पहिल्यांदा ती आनंदाने रडत होती, आणि यंत्रावरच्या माणसाने तिला कागदी रुमालांचं खोकं सरकवलं.

संध्याकाळी इद्रिसने तिला आपला सल्ला दिला, न विचारताच. "साठ मिलिग्रॅम आहेत ना? सरळ गंधक तोलून घाल. सुया येणार म्हणजे येणारच. समितीला सांग, कार्बीन पकडण्यासाठी मुद्दाम गंधकाचा सापळा लावला. लोक लावतातच. खलाचं नावसुद्धा काढू नकोस."

"आणि रुथेनियम?"

"ते पुढच्या सहा महिन्यांत. आधी नाव वाचव, बाई."

सल्ला चांगला होता, हेच तर दुखणं होतं. रुथेनियमने आतापर्यंत काय दिलं होतं? काळा गाळ. गंधकाने निदान धोका दिला नव्हता. होजांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "प्रबंध तुझा, क्षार तुझा, तोंडही तुझंच. मी सांगणार नाही." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एल्वान ती छोटी बाटली खिशात घालून फिरत होती.

दुपारी पहारेकऱ्याने खालून फोन केला. "हानम, तुमच्या आई आल्यात. वर यायला तयार नाहीत. म्हणतात, माझ्या कपड्यांना गंधक असेल."

एल्वान धावत खाली गेली. हाजेर इमारतीच्या बाहेर, तुतीच्या झाडाखाली उभी होती. ईदेचा ठेवणीतला झगा, डोक्याला धुतलेला पांढरा रुमाल, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेलं एक पुठ्ठ्याचं खोकं. ऐन हंगामात, जर्दाळू उन्हात पसरलेले टाकून, दोन मिनीबस बदलून ती आली होती.

"हे घे," तिने खोकं पुढे केलं. "नवा आहे. तसाच पांढरा. बघ, तुझ्या त्या जुन्यासारखाच आहे की नाही. दुकानदार म्हणाला, फडक्याने पुसून देतो. मी म्हटलं, हात लावू नकोस. मी पण लावला नाही. धुतलासुद्धा नाही."

"आई..."

"धुवायची भीतीच वाटली मला, पोरी."

एल्वानने खोकं खाली ठेवलं आणि आईला मिठी मारली. "मी फोनवर तुला शाळेचं बोलले. मला असं बोलायला नको होतं. चुकलं माझं."

"ते राहू दे. हा चालेल ना, ते सांग."

"चालेल. आता वर चल."

"माझ्या अंगाला..."

"आंघोळ केलीस ना?"

"दोनदा."

"मग चल."

वर इद्रिसने हाजेरला खुर्ची दिली, चहा दिला, आणि तिच्याकडून रिझेच्या चहाची स्तुती वसूल केली. एल्वानने एका बशीत त्या पांढऱ्या सुया आणून दाखवल्या. हाजेरने वाकून बघितलं, पण हात मागे बांधूनच.

"हे मी बिघडवलं होय?"

"हो, हेच."

"देखणं आहे ग," हाजेर अपराधी आवाजात म्हणाली.

"आई, एक माणूस म्हणाला होता की मी जे करतेय ते होणारच नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. तू गंधक कुटलं नसतंस तर मला कळलंच नसतं की ते होतंय."

हाजेरला यातलं किती समजलं कोण जाणे. तिने सुयांवरची नजर वर उचलली. "मग तो माणूस आता काय म्हणतोय?"

"त्याला अजून सांगायचंय."

"सांग. आणि मी कुटलं तेही सांग. माझ्या चुकीसाठी तू लाजू नकोस."

एवढ्यावर एल्वानचं ठरलं. आई गेल्यावर तिने इद्रिसला सांगितलं की क्षार रुथेनियमला जाणार. गंधकाची गोष्ट जशी घडली तशी सांगायची. इद्रिसने कपाळावर हात मारून घेतला, पण नव्या खलाचं खोकं त्यानेच उघडलं. खल असिटोनने पुसला, भट्टीत भाजला आणि बाहेर काढल्यावर त्याने आपलं लांबलचक नाक त्यात खुपसलं.

"कसलाही वास नाही. रिझेच्या नाकाने मंजूर केलं असं वहीत लिही."

तिने खरोखर लिहिलं.

साठ मिलिग्रॅम क्षार बारीक केला, निर्वातात सुकवला, आर्गॉनखाली चंबूत सोडला. वर थंड द्रावक, मग आम्लारी. पाण्यासारखा द्राव हळूच फिकट पिवळा झाला. आत्ता इथे तो मोकळा आहे, हे तिला पहिल्यांदाच ठाऊक असून ती बघत होती. मग रुथेनियमचा नारिंगी द्राव थेंब थेंब. इद्रिस शेजारी उभा होता आणि चक्क गप्प होता. नारिंगी रंग गडद होत गेला, डाळिंबाच्या रसावर आला आणि तिथेच थांबला. काळा पडला नाही. गाळून, वरून ईथरचा पातळ थर सोडून तिने चंबू फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला आणि दारावर कागद चिकटवला: हलवाल तर याद राखा.

मग वाट बघणं. स्फटिकांना घाई चालत नाही, आणि सारखं उघडून बघितलं तर येणारेही येत नाहीत. ती सकाळी एकदाच बघे. पहिल्या सकाळी नुसता लाल द्राव. दुसऱ्या सकाळी तेच. असं करत एकोणतीस तारीख उजाडली. त्या सकाळीही चंबूत लाल पाण्याशिवाय काही नव्हतं.

बैठकीला रहमी बे वेळेआधीच येऊन बसले होते. मवाळ गृहस्थ मान डोलवायच्या तयारीत होते. एल्वानने फळ्यावर आपला रेणू काढला, पाच खेपांचं सांगितलं, आणि मग एक श्वास घेऊन म्हणाली, "या सुया आल्या त्या माझ्या आईने माझ्या खलात जर्दाळूसाठी गंधक कुटलं म्हणून."

मवाळ गृहस्थांची मान डोलायची थांबली. रहमी बे यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं. ढेकळं, साबण, लिंबू, राख, भट्टीतला वास. आणि हेही सांगितलं, की पाच खेपा तिने सुयांचं वस्तुमान मोजलं नव्हतं, कारण तिला वाटलं आपल्याला माहीत आहे. मग तिने बत्तीसचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

रहमी बे यांनी कागद फार वेळ वाचला. मग बशीतली एक सुई चिमट्याने उचलून उजेडात धरली.

"गंधकाने कार्बीन पकडणं ही जुनी रीत आहे, हानम. तुम्ही मुद्दाम केलं असं लिहिलं असतं तर मी एक शब्द विचारला नसता."

"हो, रहमी बे."

"मग लिहिलं का नाहीत?"

"कारण मी मुद्दाम केलं नव्हतं."

मुकद्देस होजा खिडकीबाहेर बघत होत्या, जणू आपला इथे काही संबंध नाही.

"रुथेनियमचं काय?"

"उरलेला सगळा क्षार त्यालाच दिलाय. रंग बदललाय. स्फटिक आलेले नाहीत. आज सकाळपर्यंत नव्हते."

रहमी बे यांनी सुई जपून बशीत ठेवली. "मी मागच्या खेपेला म्हणालो होतो, की हा कार्बीन तयार होणार नाही. इतिवृत्तात आहे ते. आता असं लिहा, होजा: रहमी चुकला. तयार होतो. पुढचं पुढे बघू, पण माझ्याकडून पास." मग एल्वानकडे वळून म्हणाले, "एक अट. प्रबंधात तो खल जसा घडला तसा यायला हवा, राखेसकट. आमच्या एलाझीतही पोरं उन्हाळ्यात घरी जातात. त्यांना उपयोगी पडेल."

"आमचे जर्दाळू न्याल ना पण?" होजा बसक्या आवाजात म्हणाल्या.

"धुरीचे नको. उन्हात सुकवलेले द्या, काळे. गंधकाचा मला आज धाक बसलाय."

एल्वान बाहेर आली. आधी आईला फोन करायचा होता, पण पाय आपोआप फ्रीजकडे वळले. तिने दार उघडलं, मागच्या कोपऱ्यातून चंबू दोन बोटांनी उचलला आणि फोन कानाशी धरला.

"पास झाले, आई."

पलीकडे हाजेर कुणाला तरी ओरडून सांगत होती, ट्रे खाली ठेव, ट्रे खाली ठेव. मग तिने नाक ओढलं. एल्वानचे बाबा लांबून काय झालं, काय झालं विचारत होते.

"आणि खल?" हाजेरने विचारलं. "नवा खल चालला का ग?"

एल्वानने चंबू खिडकीच्या उजेडात धरला. लाल द्रावात तळाशी, काचेला चिकटून, एक कण होता. तिला वाटलं सावली असेल, म्हणून तिने चंबू हळूच तिरका केला. कण हलला नाही. त्याच्या शेजारी दुसरा होता. तिसरा. भाजलेल्या विटेचा रंग, धारदार कडा.

"एल्वान? ऐकू येतंय ना? चालला का?"

"चालला, आई," ती म्हणाली, आणि चंबू आणखी उजेडाकडे नेला. "चालला."

"मग आता धुतला तर चालेल का त्याला? का अजून तसाच ठेवायचा?"

एल्वान रडता रडता हसायला लागली. "तो इथेच राहणार. घरी येणारच नाही. त्याला कुणी हातसुद्धा लावायचा नाही, असा कागद चिकटवणार आहे मी."

"मीसुद्धा नाही?"

"तू लाव," एल्वान म्हणाली. "तुला चालतं."